चार विड्यांचा वेळ

मेहरून नदाफनं आमच्यापुढं एकेक मोसंबी ठेवली.
म्हणाली, ही मांडी समजा.
आम्ही हसलो.
निपाणीतल्या वखारीमागची खोली, आम्ही चौदा बायका,
मांडीवर सूप नाही म्हणून हातांना काही सुचेना,
आणि ही दवाखान्यातली पोरगी
काचेची कुपी उजेडाकडं धरून सांगतेय :
मान इथं मोडायची. आपल्यापासून लांब. भिऊ नका.

पदरात धरून मोडली मी.
टक्.
पानाची शीर काढणाऱ्या बोटांना तेवढं येतं.

कुणी बघितलंय का असं माणूस, तिनं विचारलं,
निळ्या ओठांचं, घोरत घोरत गप्प झालेलं?
कुणी बोललं नाही.
शेवंता दाराकडं बघत होती.
तिचा उमाजी उरुसाच्या रात्री मोरीत सापडला,
बाजूला सुई, गोळ्यांचं रिकामं पाकीट.
आम्ही पाणी मारलं तोंडावर.
कांदा फोडून नाकाला लावला. चप्पल हुंगवली.
आम्हाला तेवढंच येत होतं.

हाक मारा. छातीचं हाड मुठीनं चोळा.
हनुवटी वर, नाक चिमटीत, तोंडानं वारा द्या.
मग सुई. मग दोन-तीन मिनिटं थांबा,
वारा देत राहा.
नाहीच उठला तर दुसरी कुपी.
आणि घड्याळ नसलं तर, बाई?
मेहरून गडबडली.
मी मनात म्हटलं, चार विड्या.

माघात एकदा अक्कोळ रस्त्यावरून पोरगं पळत आलं,
अक्का, तुझी ती पिशवी घे.
टायरच्या दुकानामागं सिद्राम पडला होता,
हाच तो, ज्यानं माझ्या नवऱ्याची सायकल विकून खाल्ली.
नखं काळीनिळी.
लुगड्यावर गुडघे टेकले, मान मोडली
(कुपीची; त्याची धरली, वर उचलून),
सुई विजारीवरनंच मांडीत.
मग वारा.

पान. जर्दा. वळ. मुडप. दोरा.
एक.
वारा.
पान, जर्दा, वळ, मुडप, दोरा.
दोन.
त्याच्या तोंडाला गुटख्याचा वास.
तीन.
चौथीचा दोरा बांधून झाला आणि छाती तशीच.
हात थरथरले तेव्हा. दुसरीची मान वाकडी मोडली,
अंगठा कापला.

कोरड्या बोअरला अचानक पाणी लागावं
तसा ओढला त्यानं श्वास, खरखरत.
उठून बसला, माझ्या लुगड्यावर ओकला,
आणि म्हणाला, कुणी सांगितलं होतं गं तुला?
सगळी उतरवलीस.
तोंडात मारावीशी वाटली.
पण मेहरूननं बजावलेलं, सोडून जायचं नाही,
औषध ओसरतं, माणूस परत बुडतं.
म्हणून हात धरून बसले, शिव्या ऐकत.

गाडीतल्या माणसानं विचारलं,
यारु इव, निमगे येनागबेकु?
सायकल आठवली.
नम्म हुडुग री, म्हटलं. आमचंच पोरगं.

दुसऱ्या दिवशी शेवंता आली.
पिशवी कुठं टांगतेस, विचारलं.
दाराजवळच्या खिळ्याला, मी दाखवलं.
तिनं हात लावला नाही.
बराच वेळ माझी बोटं बघत बसली,
मग म्हणाली,
त्या रात्री आमच्या मोरीत
किती विड्या झाल्या असतील गं?

मी पान कापत राहिले.
ते वाकडं गेलं.