शीग

मारिएंतालच्या पुढं, जिथं रस्ता इतका सरळ
की ट्रकवाले झोपेतही चुकत नाहीत
आणि त्यामुळंच चुकतात,
दोन पंप, एक पत्र्याचं छप्पर, आणि तोइनी.
एकोणीस वर्षं झाली. निळा डगला, खिशाला पेन,
पायात मुलाचे जुने बूट.

आज हाताखाली नवा पोरगा आहे, फेस्टस.
त्याला एकच घाई, तोटी घालायची, दांडी दाबायची.
"आधी इंजिन बंद. किल्ली मला दिसली पाहिजे.
फोन खिशात. सिगारेट विझलेली असली तरी
ओठांतून खाली.
मग पत्र्याला हात लाव, उघड्या तळव्यानं.
या कोरड्या हवेत अंगात ठिणगी घेऊनच फिरतो आपण,
ती गाडीला दे, तोटीला नको.
कॅन असला तर उतरवून जमिनीवर ठेव,
बाकीच्या हौद्यात भरायचा नाही,
गिऱ्हाईक कितीही तणतणो."

मागून उघड्या गाडीला इथं बाकी म्हणतात.
तिच्यात मेंढ्या असतात, कुत्री, माणसं,
एकदा तर अख्खा पलंग, वर झोपलेल्या आजारी बाईसकट.

तोटी पुरती आत. ऐक आता.
टाकीतला आवाज आधी पोकळ, मग बारीक बारीक
घागर भरताना चढतो तसा,
आणि खट्.

फेस्टसचा हात लगेच पुन्हा दाबायला निघतो.
चारशे ब्याण्णव डॉलर. पाचशे करू?
गिऱ्हाईकालाही तेच हवं, सुट्ट्यांची कटकट नको.
तोइनी त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवते.
बस.

तिच्या गावी, दूर उत्तरेला, बाजरी मापताना
आई टोपलीवर शीग चढवायची,
दाणे ओघळून चटईवर पडतील इतकी,
नाहीतर शेजारीण म्हणायची, हात आखडला हिचा.
"धान्याला शीग असते, पोरा. पेट्रोलला नसते.
सांडलेली बाजरी कोंबड्या टिपतात.
हे कोण टिपणार?"

म्हातारा बोशॉफ यायचा. "गळ्यापर्यंत," म्हणायचा.
खटका झाला की पुन्हा, पुन्हा झाला की आणखी एकदा.
हिनं नाही म्हटलं तर तोटी हिसकायचा,
टाकी माझी, पैसे माझे.
डिसेंबरातल्या एका दुपारी अशीच भरली, आणि
गाडी उन्हात लावून तो थंड बाटली घ्यायला गेला.
पेट्रोल जमिनीखालून गारेगार आलेलं.
उन्हात ते फुगलं. जागा मागू लागलं. जागा नव्हती.
झाकणाखालून एक थेंब, मग थेंबाला थेंब,
मग एक काळी रेघ, उतारानं, न बोलता,
फाटकापाशी वडे तळणाऱ्या अलेटाच्या शेगडीकडं.

तोइनीला आधी वास आला, मग रेघ दिसली.
वाळूच्या दोन बादल्या. अलेटानं शेगडीवर
कणकेची परातच पालथी घातली.
काही झालं नाही.
म्हणजे सांगण्यासारखं काही झालंच नाही,
ओली वाळू, वाया गेलेलं पीठ,
आणि हातात बाटली तशीच धरून
टोपी काढून उभा राहिलेला एक म्हातारा.

अजून येतो तो. खटका झाला की
हिच्याआधी तोच म्हणतो, बस.
सुटे आठ डॉलर मात्र मोजून परत घेतो,
कधी सोडत नाही.

"आता दहा मोज," तोइनी सांगते.
फेस्टस मोजतो, ओठ हलवत.
शेवटचे थेंब टाकीतच निथळतात.
तोटीचं नाक वर करून तो ती बाहेर काढतो,
झाकण फिरवतो, करकरेपर्यंत.
आत वरच्या बाजूला थोडी जागा तशीच राहते,
कुणाच्या पावतीवर न येणारी.
दुपारी पेट्रोल येऊन तिच्यात बसेल.

पुढची गाडी लागते. पांढरी बाकी, मागे चार शेळ्या.
फेस्टस आपणहून जातो, पत्र्यावर तळवा ठेवतो
आणि झटक्यात मागे घेतो.
"भाजलं!"
शेळ्या त्याच्याकडं बघतात.
"भाजू दे," तोइनी म्हणते. "पुन्हा ठेव."