एकच प्रत

ताळगावच्या पठारावर पौषात
चिऱ्यांची भिंत तपकिरी पडते.
येणारे-जाणारे म्हणतात, शेवाळ मेलं.
मी खिशातून ड्रॉपर काढते, चार थेंब सोडते,
आणि चहा निवायच्या आत
ती इवली पानं अंग सोडवतात,
झोपमोड झाल्यासारखी, जरा रागानंच.

आत, पंचवीस अंशांवर राखलेल्या खोलीत,
काचेच्या बश्यांमधून त्याच कुळातलं दुसरं एक वाढतं.
त्याच्याकडे प्रत्येक जनुकाची एकच प्रत.
आपल्यासारखं नाही,
की आईकडची बिघडली तर बापाकडची झाकून नेते,
आणि घरातलं घरात राहतं.
इथे एक ओळ खोडा,
झाड दोन आठवड्यांत तोंडावर सांगतं.

खोडायची रीत अशी:
पेशीचं कुंपण विरघळवायचं,
मजकुराचे दोन्ही काठ ओळखीचे ठेवायचे,
मधे आपलं काहीतरी घालायचं.
पंगतीत आपलं पान ओळखणाऱ्या पोरासारखं
ते नेमकं जाऊन बसतं.
मोहरीच्या भाऊबंदांना हे साधत नाही,
ते कुठेही जागा देतात, मग शोधत बसा.

बाहेर पिएदाद पायऱ्या घासते.
तारेचा ब्रश, ब्लीचिंग पावडर, गुडघ्याखाली गोणपाट.
‘तूं वाडयता, हांव खरवडटां,’ ती म्हणते,
‘पगार चड कोणाक?’
‘तुलाच,’ मी म्हणते.
माझी फेलोशिप ऑगस्टपासून आलेली नाही.

बशी क्रमांक एक्केचाळीस.
तिच्यातून मी कोरडं पडायची विद्या काढून घेतली होती.
म्हणजे एक जनुक. बाकी सगळं तसंच,
हिरवं, गुबगुबीत, शेजारणीसारखं.
अकरा दिवस दोघींना वाळवलं.
बाराव्या दिवशी पाणी.
शेजारीण उठली.
एक्केचाळीस तशीच पडून राहिली,
गाळणीत उरलेल्या चहापत्तीच्या रंगाची.
मी पुन्हा पाणी घातलं. ते नोंदवलं नाही.

रजिस्टरात लिहिलं: जागी झाली नाही.
शिरवईकर सरांनी लाल पेनाने ते खोडलं,
वर लिहिलं: अपेक्षेप्रमाणे.
बरोबरच आहे. आमचा निबंध आता पूर्ण होईल.

संध्याकाळी खाली उतरले
तर शेवटची पायरी हिरवीच.
इतक्या उन्हातही, गळक्या नळाच्या कृपेनं,
मखमलीसारखी, कुणी न मागितलेली.
वाटलं, हिला कळलं असावं काहीतरी.
विचारलं.
पिएदादनं बादली उपडी करून दाखवली.
‘पावडर सोंपली.’