गळती

टाकीतून रोज वीस हजार लिटर पाणी निघतं
आणि नळांना पोचतं तेरा हजार.
मधलं कुठे जातं ते शोधायला
नगरपरिषदेने मला एक सळई दिली आहे.
एक टोक जमिनीला, एक कानाला.
रात्री दोननंतर ऐकायचं,
समुद्र मागे हटलेला असेल तेव्हा.

वेंगुर्ल्याच्या या टोकाला पूर्वी काजी होत्या.
आता सातेरी पार्क, प्लॉट एक ते बेचाळीस,
आणि खाली, म्हणतात, पांढऱ्या मातीची खाण.
म्हणतात, एवढंच.
नकाशात नाही. तालुक्याच्या दप्तरात
एका ओळीत 'बंद' लिहिलंय
आणि पुढचं पान वाळवीने वाचलंय.

पण गवंडळकरांची संडासची टाकी
एकवीस वर्षांत एकदाही भरली नाही;
ते याचं श्रेय वास्तुशास्त्राला देतात.
सतरा नंबरात नारळ पडला
की 'धप्प' होत नाही, 'ढम्म' होतं,
आणि तुळसकरांची आबोली
मागच्या दारच्या ढेकळाने लंगडीच्या चौकटी आखते.
खडू तिला कधी विकत आणावा लागला नाही.

खाली उतरलेला एकटा पास्कू डिसोजा उरलाय.
नऊ वर्षांचा होता, बापाची पेज घेऊन जायचा.
आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
"काळोख नाय होतो थंय," तो सांगतो,
"एक बत्ती पेटवली काय सगळा धवा फटफटीत.
माणसा तेवढी काळी दिसत."
तोंड कुठे होतं खाणीचं?
त्याने हात उचलला, सबंध कॉलनीवरून फिरवला,
माशी हाकलावी तसा.

तीन महिने ऐकतोय.
फ्रिज ऐकले, बोअरचे पंप,
एका घरातलं उशीत दाबलेलं रडणं
(त्याची नोंद केली नाही).
परवा सतरा-अठराच्या मधल्या गटारापाशी
पाणी पाण्यावर पडलं.
खूप खाली. एक थेंब,
मग चार आकडे मोजावेत इतकं काहीच नाही,
मग एक.
मी चपला काढल्या. का, कोण जाणे.

साहेब म्हणाले, "सापडली ना गळती?
पाइप बदल, वर काँक्रीट मार."
आणि खालचं?
"खालचं आपल्या हद्दीत येत नाही."

पाइप बदलला. आता अठरा हजार पोचतं.
अठरा नंबरवाल्या बाईंनी मला कोकम सरबत दिलं.

रात्री ड्यूटी नसताना गेलो,
पास्कूला हाताला धरून नेलं.
ओलं काँक्रीट टाळून सळई रोवली,
वरचं टोक त्याच्या कानाशी.
थेंब आता पडत नव्हता, मला ठाऊक होतं.
तो वाकून ऐकत राहिला,
इतका वेळ की माझीच कंबर भरून आली.
मग सळई सोडून म्हणाला,
"पेज निवली असतली."