उतारावर

गडहिंग्लजहून बाळगोंडा चौगुले आलाय,
खिशात वही, कानामागे पेन्सिल.
माडाखाली ओळीने तीन ट्रॅक्टर,
खरं तर अडीच; एक पॉवर टिलर आहे.
एक ठेवायचा, एक विकायचा, एक बदल्यात द्यायचा,
असं काल जेवताना ठरवलं होतं मी,
आमटीत बोट बुडवून ताटाच्या कडेला
तीन रेघा ओढून.
मग ताट घासायला गेलं.

निळा चालतो. किल्ली फिरवली की लगेच,
शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या पोरासारखा.
चौगुले त्याच्याभोवती दोनदा फिरला,
टायरवर चप्पल आपटली, काही बोलला नाही.
बोलला नाही म्हणजे आवडला.

टिलरची मूठ माझा तळहात ओळखते.
सड्याखालच्या कुणग्यात
बैल वळताना बांध मोडायचे,
तिथे हा जागच्या जागी वळतो.
पण त्याच्यामागे चालावं लागतं,
आणि गेल्या चिखलणीत माझा डावा गुडघा
मधोमध उभा राहून म्हणाला, पुरे.

उरला लाल. सत्याऐंशी सालचा.
तासांचा मीटर चार हजार आठशे बारावर थांबला,
त्यालाही आता सोळा वर्षं झाली;
नंतरचं काम कुठेच मोजलेलं नाही.
बॅटरी नाही. सेल्फ नाही.
म्हणून कायम उतारावर उभा करायचा,
चाकाला जांभ्याचा चिरा लावून.
सकाळी चिरा काढायचा, थोडा घरंगळू द्यायचा,
दुसऱ्या गिअरात क्लच सोडायचा,
की खोकत, शिव्या देत उठतो.
सोळा वर्षं मी कुठेही गेलो तरी
आधी उतार शोधत आलो,
गिरणीपाशी, देवळापाशी,
व्याह्यांच्या दारात सुद्धा.
सपाट अंगण दिसलं की अजून पोटात गोळा येतो.

खाऱ्या वाऱ्याने मडगार्डची चाळण झालीय.
दर आगोटीला मी त्याच्या चासीला उंडीचं तेल लावतो,
होडीला लावतात तसं.
इनास मेस्त्री हसतो,
"भाऊ, ह्येका पाण्यात सोडतलास काय?"
गेलाच आहे की तो पाण्यात, इनास.
लवू खोबरेकराची होडी वर ओढताना
मागची चाकं वाळूत रुतली,
लाट सीटखालून निघून गेली,
आणि मी एवढंच म्हणत होतो, बंद पडू नको रे,
इथला उतार समुद्राकडे जातो.

चौगुले वही उघडतो.
निळ्याचे एक नव्वद.
टिलर आणि वर चाळीस हजार दिले तर
त्याच्याकडे एक छोटा आहे, पंधरा हॉर्सपॉवरचा,
बसून चालवायचा, क्लच लोण्यासारखा.
"आणि ह्ये लाल धूड? किलोवर घेतो, पावणं.
आमच्याकडं असलं कोण बघत बी न्हाई."

मी निळ्याला हो म्हणतो.
टिलरपाशी शब्द अडकतो.
तेवढ्यात वैदेही कोकमाचं सरबत घेऊन येते,
तांब्या चौगुल्यांच्या वहीवरच ठेवते,
लालच्या चाकाखालचा चिरा पायाने उडवते.
"बाबा, भरती लागली. लवूकाका वाट बघता."
मी तिला शिकवलेलं नाही.
कधी बघितलं तिने?
तो घरंगळतो, फणसाच्या मुळाशी हिसका देतो,
खोकतो. उठतो.
धूर माडांच्या मधून हळूहळू वर जातो
आणि आवाज खालच्या वळणावर उतरतो.

चौगुल्याची पेन्सिल थांबते.
"चालतंय व्हय ते?"
मग किलो खोडून तो एक आकडा लिहितो,
मला वाचता येऊ नये इतका बारीक.
मी म्हणतो, माल जागेवर नाही, भाव कसला करता?
निळ्याचे मोजा.

तो मोजतो. अर्ध्यातच चुकतो, पुन्हा मोजतो.
टिलरचं अजून ठरलेलं नाही;
उद्या फोन करतो, असं मी सांगितलंय,
गुडघा दाबत.
वैदेही परत येईल तेव्हा
कुठे उभा करते ते बघायचंय.
चिरा आहे तिथेच आहे.
मी उचलून थोडा वर ठेवला, एवढंच.