तिसरा तास, इतिहास

भिंतीवरचा नकाशा वाळवीनं अटलांटिकपासून खायला घेतला,
म्हणून मी फळ्यावर हातानंच किनारा काढते.
वाकडा आला. येऊ दे.
वरती दगड, मध्ये गहू, खाली तंबाखू,
एवढं लिहिलं तरी दोन मार्क पक्के, मी म्हणते,
आणि पैठणच्या या पत्र्याच्या वर्गात
एकेचाळीस माना वहीत वाकतात.

राजा एक. भाषा एक. जहाजंही साधारण सारखीच,
तेच खारवलेलं मांस, त्याच उवा.
मग वरच्यांनी चर्चभोवती गाव गोळा करून
पोराला अक्षर आलं नाही तर बापाला दंड का ठोकला?
खालच्यांनी नदीकाठी कोसाकोसावर एकेक घर बांधून
शाळा हवी कशाला, असं का म्हटलं?
आणि मधल्यांच्या बाजारात डच, जर्मन, स्वीडिश,
सगळे हातवारे करून गव्हाचा भाव कसा ठरवायचे?

प्रयाग डोईफोडे हात वर करत नाही, सरळ उभीच राहते.
"मॅडम, आमचंबी तसंच झालं की."
वर्ग हसतो. ती थांबत नाही.
"गाव धरणात गेलतं, आज्याच्या टायमाला.
निम्मे कालव्याखाली गेले, निम्मे बरडावर.
एका पंगतीत जेवलेली माणसं, मॅडम.
आता त्यांच्याकडं ऊस, जीप, दारात दोन सालगडी.
आमच्या बरडात कुसळंबी धड उगवंना,
म्हणून घरटी एक डीएड, नाहीतर मिलिट्रीत.
लग्नात भेटले की म्हणतात,
तुमची बोली लई मास्तरी झाली."

"अन् फाट्यावरचे?" मागून सलीम बागवान.
त्याच्या आजोबांनी मोबदल्यात टायरचं दुकान टाकलं.
तिथं तेलुगू ड्रायव्हर थांबतात, परळीचे राखेचे टिप्पर,
राजस्थानचा मार्बलवाला,
आणि प्रत्येकाशी सलीमची हिंदी जराशी वेगळी.
"आम्ही मधले," तो म्हणतो. "गहूवाले."

मी खूश होते. खोटं कशाला सांगू.
वीस वर्षं ज्याच्यासाठी घसा फोडला
ते दीड मिनिटात, कालवा आणि बरड.
'जशी जमीन तसा समाज' लिहायला
मी खडू उचललासुद्धा.

आम्रपाली खरात, तिसऱ्या बाकावरून, बसूनच:
"आणि ज्यांचा सातबाराच नव्हता?"

पंखा कुरकुरत राहतो.
"जमिनीमागं जमीन मिळाली म्हणं.
आमच्याकडं जमीनच नव्हती, तर यादीत नाव कुठून येणार?
आज्जी सांगती, उंबऱ्याला पाणी लागलं तवा उठलो.
कुठलं नवं गाव, मॅडम.
प्रयागच्या पाव्हण्यांच्या उसात आम्हीच हाओत."

इथं तुलना संपते, असं मी म्हणणार होते.
इथून कुणाला बेड्या घालून जहाजात कोंबलं नव्हतं.
पण हे आम्रपालीलाही ठाऊक असावं,
तिनं बेड्यांचं नावही घेतलं नव्हतं.
तिनं यादीचं विचारलं.
मी फळ्याकडं बघते.
तंबाखू लिहिलाय ठळक,
तो लावला कुणी, खुडला कुणी, ते कुठंच नाही.
आणि हा सगळा किनारा मी रिकामा काढलाय,
जशा काही जहाजं यायच्या आधी
तिथं शेकोट्या पेटतच नव्हत्या.

शिपाई रुळाच्या तुकड्यावर टोल देतो.
पोरं डबे उघडतात. फळा तसाच.

मेमध्ये पाणी हटलं की जुनं गाव वर येतं,
डबा खाताना प्रयाग सांगते,
गाळपेरीला सगळेच जातात, कालव्याचे, बरडाचे, फाट्यावरचे,
आणि जोत्यावरून अजून ओळखू येतं
कुणाचं घर कुठं होतं.

"आमचं सखलात होतं," आम्रपाली म्हणते,
लोणच्याची फोड तिच्या झाकणात ठेवत.
"ते शेवटाला उघडं पडतं.
एखाद्या वर्षी पडतबी नाही."