गोऱ्हा असेल तर अठ्ठावीस

रोहण्याच्या फाट्यावर, सकाळी सहाला,
गुलाब मेश्राम कॉम्प्रेसरची नळी उचलून विचारतो,
"किती टाकू, बाई?"

मला उत्तर येत नाही.

"पस्तीस टाकून देतो. आजकाल सबन गाड्यायले पस्तीसच लागते."
थांब, म्हणते मी, ही आजकालची नाही.
ही छप्पन सालची फियाट,
नाकाडावरून लोक जिला डुक्कर म्हणत.
दाराच्या आतल्या पत्र्यावर आकडे होते म्हणे,
त्यावर वर्ध्याच्या पेंटरनं दोनदा हिरवा फासला.
आणि टायर तरी कुठे तिचे आहेत?
जुन्या बांधणीचे मिळेनात, नागपूरहून रेडियल आणले,
कुठल्याशा व्हॅनच्या मापाचे.
छापील आकडा सापडला असता
तर तो कुणाला लावायचा होता?

बाबा गुरांचे डॉक्टर. हवेचा पितळी गेज
सुयांच्या डब्यात, कापसात गुंडाळलेला.
पहाटे, गाडी हलायच्या आधी मोजत.
म्हणत, चाललेला टायर तापतो,
तापलेल्याचा आकडा खरा धरू नये.
हे म्हणताना आईकडे बघत.

शेडच्या भिंतीवर
गुरांवर खुणा करायच्या निळ्या खडूनं
अजून आहे, थोडं पोपडे धरलेलं:
एकटा, पुढे २२ मागे २४.
सौ. सोबत, मागे २५. (हे आईनं कधी वाचलं नाही, किंवा वाचून बोलली नाही.)
गोऱ्हा असेल तर २८.
काळी ओली असेल तर वीस, चारी.

गोऱ्हा एकदाच होता. खरांगण्याहून आणला, पाय मोडलेला,
मागच्या सीटवर, काचेबाहेर तोंड काढून.
तो डाग निघाला नाही.

गुलाबनं खिशातून पांढरा खडू काढला,
चारी टायरांवर आडवी रेघ मारली.
"जा, जिनिंगच्या गेटापर्यंत. सिमेंटानं जा सरळ. या वापस."

तीसला रेघ मधूनच गेली, कडा तशाच.
"फुगली."
चोवीसला कडा गेल्या, मध्ये पांढरं.
"पोट टेकलं तिचं."
पुढे चोवीस ठेवून मागे सत्तावीस केले
तेव्हा रेघ पुसली गेली, इथून तिथून सारखी,
फळा पुसावा तशी.

फक्त पुढचं उजवं चाक ऐकेना.
तिथली रेघ बाहेरूनच झिजत होती.
गुलाब खाली वाकला, आत हात घातला.
"स्प्रिंग बसली, बाई.
डॉक्टरसाहेब इकडंच बसत ना."

एकतीस वर्षं. ब्याण्णव किलो.
माझं वजन अठ्ठेचाळीस.

"बदलून टाकू? आर्वीले बनवून भेटते."
नको, म्हटलं. सध्या दोन पौंड जास्त टाक त्यात.
त्यानं टाकले. टोपणं घट्ट केली. पैसे विचारले तर म्हणाला,
हवेचे कायचे पैसे, खडूचे द्या.

आर्वीला जाऊन आले, ढेप घेऊन.
दुपारी दाराशी मोजलं तर
मागची दोन्ही चाकं एकतीस म्हणत होती.
रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं.
व्हॉल्व्हवर नख टेकवलं होतं मी,
काढलं.

गाडी शेडमध्ये लावली, गेज कापसात ठेवला.
उद्या पहाटे विचारू.