लेबलवर दोन तारखा

शिकोकूहून आलेल्या पाकिटात अकरा बिया होत्या.
बादलीत टाकल्या, चार तरंगल्या, त्या फेकल्या.
बुडते ती रुजते,
हे मला योरिसनं शिकवलं, लग्नाच्याही आधी.

दुधाच्या उंच खोक्यांत पेरल्या,
कारण ओक आधी खाली जातो:
वीतभर मूळ, मग कुठे बोटभर कोंब.
दोन उंदरांनी नेल्या. तीन कुजल्या.
एक रोप माझ्या बहिणीनं हट्टानं मागून नेलं
आणि गेंटच्या बाल्कनीत वाळवलं.
उरलेलं कोठाराच्या दक्षिण भिंतीशी लावलं,
अॅल्युमिनियमच्या पट्टीवर मी खिळ्यानं कोरलं:
क्वेर्कस ग्लाउका, शिकोकू, त्र्याहत्तर.

पंच्याऐंशीचा जानेवारी.
उणे वीस. पानं चहाच्या चोथ्यासारखी,
साल उभी फाटलेली.
एप्रिलमध्ये योरिस करवत घेऊन आला:
"इथे मॅग्नोलिया शोभेल."
मी म्हटलं, जुलैपर्यंत थांब.
"मेलेल्याला कॅलेंडर कशाला?" म्हणाला,
पण थांबला.

जून सरता सरता
बुंध्याच्या अगदी तळाशी, मातीला लागून
तीन कोंब, वांगी रंगाचे, लवदार.
तो बराच वेळ उकिडवा बसला होता.
मग करवत खिळ्याला अडकवून
जेवायला आला, काहीच बोलला नाही.
मी पट्टीवर खाली दुसरी तारीख कोरली.

आता ते तीन खोडांचं झाड आहे.
मे महिन्यात संग्रह बघायला येणारे विचारतात,
आजारी आहे का हो?
कारण सगळी बाग पालवते तेव्हा
हे पानं गाळत असतं.
नवं अंगावर आल्याशिवाय
जुनं सोडत नाही ते.
मीही त्यांना हे सांगत बसत नाही,
दाताळं हातात देते.

गेल्या ऑक्टोबरात पहिलं फळ. एकच.
आपल्या गावठी ओकच्या टोपीला खवले असतात,
हिच्यावर लगोरी रचल्यासारखे वेढे.
योरिस काठी टेकत बादलीपर्यंत आला.
टोपी काढून मी बी पाण्यात सोडली.

तरंगली.

दोघंही बघत राहिलो. वाऱ्यानं ती
बादलीच्या कडेला जाऊन लागली.
मग नियम ज्याचा, त्यानंच ती बाहेर काढली,
पँटला पुसली, टोपी पुन्हा चढवली
आणि कोटाच्या खिशात टाकली.

रविवारी बेकरीत सुट्टे पैसे मोजताना
नाण्यांबरोबर ती काउंटरवर आली.
लुटगार्डच्या नातीनं उचलून वेढे मोजले.
"सहा," ती म्हणाली,
आणि वीस सेंट अजून कमी आहेत.